प्रेषित बर्थलमयाची मिसल

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला पैठणची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही; नाथांचे मंदिर घराजवळ, पैठण दरवाजा हाकेच्या अंतरावर, आणि फाल्गुनात नाथषष्ठी जवळ आली की त्या दरवाजापासून दक्षिणेकडे निघालेल्या सुमारे पन्नास किलोमीटरच्या रस्त्यावर दिंड्यांची रीघ. या रस्त्याच्या टोकाला ज्यांची राजधानी होती त्या सातवाहनांच्या कुळातील एका राजाला येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी एकाने बाप्तिस्मा दिला, आणि त्यापायीच त्या प्रेषिताला प्राणास मुकावे लागले, असे गंभीरपणे प्रतिपादन करणारे विद्वान गेल्या शतकात होऊन गेले, ही गोष्ट मात्र इथल्या फार थोड्यांच्या कानी आली असेल. त्या प्रेषिताचे नाव बर्थलमय. त्याच्या हिंदुस्थानातील वास्तव्याचा दावा हा सतराशे वर्षे चालत आलेला, अनेक साक्षीदारांचा, परंतु अद्याप फैसला न झालेला असा एक खटला आहे. त्याची मिसल, म्हणजे दप्तरातली कागदपत्रे, एकदा उलगडून पाहावी, आणि कोणता कागद किती वजनाचा आहे हे जोखावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

बारा जणांमध्ये बर्थलमयाइतका अबोल दुसरा नाही. मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ अशा चार ठिकाणी प्रेषितांची जी नामावळी येते तिच्यात त्याचे नाव आहे. त्यापलीकडे त्याच्या तोंडचे एक वाक्य नाही की हातची एक कृती नाही. नाव तरी कसले, ती वडिलांवरून पडलेली ओळख: अरामी भाषेत ‘बार’ म्हणजे पुत्र, आणि तलमयाचा पुत्र तो बर्थलमय. योहानाच्या शुभवर्तमानात हे नाव मुळीच नाही. तेथे फिलिप्पाच्या ओळखीने येशूकडे आलेला, अंजिराच्या झाडाखाली दिसलेला, काना गावचा नथनेल आहे, आणि इतर शुभवर्तमानांच्या याद्यांत फिलिप्पाच्या नावामागोमाग बर्थलमय येत असल्यामुळे हे दोघे एकच होत असे नवव्या शतकाच्या सुमारास मानले जाऊ लागले.

जिवंतपणी ज्याच्याविषयी कुणी काही लिहिले नाही त्याच्या मरणाची कथा मात्र सर्व ख्रिस्ती जगाला ठाऊक झाली. आर्मेनियाची मंडळी तद्दय व बर्थलमय यांना आपले संस्थापक मानते, आणि त्याच प्रदेशात त्याची जिवंतपणी कातडी सोलण्यात आली असे परंपरा सांगते. कातडे कमावणाऱ्यांचा तो युरोपात कैवारी संत ठरला, यातला क्रूर विनोद त्या काळच्या भाविकांना जाणवला नसावा. सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने त्याला स्वतःची सोललेली त्वचा हाती धरून बसवले, आणि त्या लोंबत्या त्वचेवर चित्रकाराने स्वतःचाच चेहरा रंगवला असे कलासमीक्षक मानतात. त्याच्या अस्थींवर इटलीतील बेनेव्हेंतो हे नगर आणि रोममधील टायबर नदीच्या बेटावरचे मंदिर असे दोघेही हक्क सांगतात. २४ ऑगस्ट हा त्याचा सण. १५७२ साली पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांच्या कत्तलीस याच दिवशी आरंभ झाला, त्यामुळे युरोपच्या इतिहासात या निरुपद्रवी शिष्याचे नाव रक्ताने माखले गेले ते कायमचेच.

आता हिंदुस्थानचा मुद्दा. मूळ दाखला एकच आहे, आणि पुढचे सारे त्याच्याच फांद्या होत. सिझरियाचा बिशप युसेबियस याने चौथ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती मंडळीचा जो इतिहास लिहिला त्याच्या पाचव्या खंडात असे नमूद आहे की अलेक्झांड्रियाच्या धर्मपाठशाळेचा प्रमुख पँटेनस हा धर्मप्रसारासाठी पूर्वेकडे इंडियापर्यंत गेला, आणि तेथे ख्रिस्ताला ओळखणाऱ्या काही लोकांपाशी हिब्रू लिपीतले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला आढळले, जे बर्थलमयाने त्यांच्याकडे ठेवून दिले होते. हा प्रवास दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. या मजकुरात युसेबियस स्वतः जबाबदारी घेत नाही. ‘असे सांगतात’ अशा बेताने तो बोलतो. पुढे ख्रिस्ती पंडित जेरोमने त्यात भर घातली की इंडियाच्या वकिलांनी विनंती केल्यावरून बिशप दिमेत्रियसने पँटेनसला पाठवले, आणि तो ब्राह्मणांमध्ये उपदेश करण्यास गेला होता. युसेबियसपाशी जे नव्हते ते जेरोमला सुमारे पाऊणशे वर्षांनंतर कोठून मिळाले, हा प्रश्न कोणत्याही मामलेदाराने प्रथम विचारला असता.

पँटेनसच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्याचा शिष्य क्लेमेंट हा बुद्धाचे नाव घेऊन उल्लेख करणाऱ्या अगदी आरंभीच्या ग्रीक लेखकांपैकी एक आहे. गुरू खऱ्याखुऱ्या हिंदुस्थानात जाऊन आला असेल तर शिष्याला हे ज्ञान कोठून मिळाले याचा उलगडा सहज होतो. परंतु अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर हिंदी मलमल आणि मिरी जितकी सुलभ होती तितकीच हिंदी वार्ताही असणार, हे लक्षात घेता या पुराव्याने पारडे कलते खरे, खाली मात्र टेकत नाही.

खरी मेख ‘इंडिया’ या शब्दात आहे. ग्रीक व रोमन लेखकांच्या लेखी तांबड्या समुद्राच्या तोंडापासून पुढचे सारे काही सैलपणे इंडियाच. इथिओपिया, येमेन, सिंधूचे खोरे आणि आपले कोकण ही एकाच पोत्यात भरलेली. ख्रिस्ती इतिहासकार रुफिनसने तर बर्थलमयाच्या वाट्याला आलेली इंडिया ही इथिओपियाला लागून असलेली होय असे स्पष्ट लिहिले आहे. दुसरा इतिहासकार फिलोस्तोर्गियस याने, सम्राट कॉन्स्टँटियसच्या वतीने चौथ्या शतकाच्या मध्यास दक्षिण अरबस्तानातील हिम्यरी लोकांकडे गेलेल्या शिष्टाईची हकिकत सांगताना, ज्या ‘आतल्या’ हिंदी लोकांना पूर्वी बर्थलमयाने उपदेश केला होता ते हेच, असे म्हटले. त्यात हिब्रू लिपीच्या शुभवर्तमानाचा तपशील जमेस धरा: हिब्रू अक्षरे वाचू शकणारा, संख्येने भरघोस असा यहुदी समाज येमेनात पुढे शतकानुशतके नांदला, इतका की तिथल्या राजांनी एके काळी यहुदी धर्म पत्करला. ही इंडिया म्हणजे कोकण होय असे म्हणणारे येथे बेने इस्राएल यहुद्यांकडे, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांकडे बोट दाखवतात, आणि अलिबागजवळच्या नवगाव येथे फुटलेल्या त्यांच्या पूर्वजांच्या गलबताची आख्यायिका पुढे करतात. पण त्याच आख्यायिकेप्रमाणे त्या बुडीत पोथ्याही गेल्या, आणि मागे उरली ती तोंडपाठ ‘शमा’ प्रार्थना व शनिवारी घाणा बंद ठेवण्याची वहिवाट. ज्यांच्यापाशी स्वतःची पोथी उरली नाही त्यांच्याकडे प्रेषिताची पोथी जपली गेली असे मानणे मला जड जाते.

कोकणाच्या बाजूचा सर्वांत चतुर युक्तिवाद भाषेचा आहे, आणि तो मराठी वाचकाला गुदगुल्या करील असाच आहे. सोफ्रोनियसच्या नावावर मोडणाऱ्या एका ग्रीक मजकुरात बर्थलमयाने ‘सुखी म्हटल्या जाणाऱ्या हिंदी लोकांना’ उपदेश केला असे आहे. पाटण्याचे जेझुइट विद्वान फादर पेरुमालिल यांनी विचारले की सुखी, भाग्यवान, मंगल यांना संस्कृतात काय म्हणतात? कल्याण. म्हणजे ‘सुखी हिंदी’ हे कल्याणकर होत! फादर पेरुमालिलांचे ‘दि अपॉस्टल्स इन इंडिया’ हे पुस्तक आणि त्यामागून १९६४ साली मुंबईत प्रसिद्ध झालेला जॉर्ज मोराइस यांचा हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास, हे या पक्षाचे दोन मुख्य वकील. युक्तिवाद देखणा आहे. परंतु ग्रीक मनुष्य ‘सुखी’ हे विशेषण आणखी एका देशाला सदैव लावीत असे, आणि तो देश म्हणजे ‘सुखी अरबस्तान’, अर्थात पुन्हा येमेन. ज्या किल्लीने कल्याणचे कुलूप उघडते तिनेच शेजारचेही उघडत असेल, तर ती किल्ली पुराव्यात दाखल करून घेता येत नाही.

कल्याणविषयी त्या काळचा एक लिखित दाखला आहे, आणि प्रेषिताच्या अभिमान्यांनी तो जितक्या बारकाईने वाचायला हवा होता तितका वाचलेला दिसत नाही. पहिल्या शतकाच्या मध्यास कुणा अनामिक ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये म्हटले आहे की कल्याण हे थोरल्या सरगनसच्या काळी रीतसर व्यापाराचे बंदर होते, परंतु ते सँडनीसच्या ताब्यात आल्यापासून तेथे मोठा अडथळा झाला आहे, आणि जी ग्रीक जहाजे चुकून तेथे लागतात ती पहाऱ्यात भडोचला नेली जातात. शक आणि सातवाहन यांच्या चुरशीतला हा जकातीचा बंदोबस्त होता. तेव्हा बर्थलमय ऐन त्याच दशकांत ग्रीक गलबताने कल्याणला आलाच असेल, तर शुभवर्तमान बगलेत मारून तो शिपायांच्या पहाऱ्यात भडोचच्या धक्क्यावर उतरला असण्याचा संभव अधिक! आणि भडोचहून पुढचा रस्ता कोठे जात होता तेही तोच नाविक सांगतो: दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलीवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत खडे, तगरहून जाडेभरडे कापड आणि मलमल, हा सारा माल गाड्यांत लादून बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचला येत असे. म्हणजे कल्याणचा दावा कोसळताना आमच्या पैठणचाच थोडा उजळतो, असा हा उफराटा प्रकार आहे. या विनोदाला मी पुरावा म्हणणार नाही. पण पैठण दरवाजाजवळ राहणाऱ्याने एवढी सवलत घेतली तर वाचक रागावणार नाहीत.

तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे संशोधक फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळालेल्या हिंदी मूर्तीची सख्खी बहीण शोभते, आणि ती आज तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. व्हिसुव्हियसचा तो स्फोट इसवी सन ७९ चा. म्हणजे प्रेषितांच्या पिढीत या मुलखातला कारागिरीचा नमुना रोमन घरात पोहोचलेला होता. याच जिल्ह्यात २०२० साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले, तेव्हा त्यांच्या निवडीवर गदारोळ करणाऱ्यांपैकी किती जणांना तेर ते भूमध्यसागर हा जुना रस्ता ठाऊक होता कोण जाणे.

आता या मिसलेतला सर्वांत मोहक कागद. सहाव्या शतकाच्या आसपास लॅटिन भाषेत रूढ झालेल्या बर्थलमयाच्या हौतात्म्यकथेत असे आहे की प्रेषित इंडियात आला आणि अस्तारोथ नामक दैत्याच्या देवळात भिकाऱ्यासारखा जाऊन बसला, त्यासरशी त्या मूर्तीची वाचा बसली; भांबावलेल्या भक्तांनी शेजारच्या नगरातील बेरिथ या दुसऱ्या दैवताला कारण विचारले, तेव्हा त्याने या परक्या माणसाचे काळे कुरळे केस, गोरा वर्ण आणि शुभ्र वस्त्र यांचे हुबेहूब वर्णन केले. पुढे पोलिमियस राजाची वेडी कन्या प्रेषिताने बरी केली, राजाने बाप्तिस्मा घेतला, आणि चिडलेला राजबंधू अस्त्रेगिस याने प्रेषिताचा वध करविला. पोलिमियस म्हणजे पुळुमावी! अस्त्रेगिस म्हणजे पुराणांच्या सातवाहन वंशावळीतला अरिष्टकर्मन्! फादर पेरुमालिल व मोराइस यांच्या प्रतिपादनाचा हा कळस.

पुळुमावी हे नाव ग्रीकांच्या कानावर गेले होते यात संशय नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास टॉलेमीने आपल्या भूगोलात पैठण ही ‘सिरि पोलेमयॉस’ची राजधानी म्हणून नोंदवली आहे, आणि तो श्री पुळुमावी, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचा मुलगा वासिष्ठीपुत्र, हे सर्वमान्य आहे. पण हाच दाखला दाव्याच्या मुळावर येतो. नाशिकच्या लेण्यात ज्याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात आजी गौतमी बलश्रीने तो सुप्रसिद्ध लेख कोरविला, तो पुळुमावी टॉलेमीचा समकालीन. त्याच्या दरबारात जाण्यासाठी येशूच्या सहवासातल्या शिष्याला सव्वाशे वर्षांचे आयुष्य लागले असते. ही अडचण ओळखून दावेदार पुराणांच्या यादीतून आणखी एक, आधीचा पुळुमावी उभा करतात. पुराणांतल्या त्या याद्यांची आपसांत मिळवणी होत नाही हे प्राचीन इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. तिथून हवा तो राजा हव्या त्या दशकात हजर करता येतो. दुसरीकडे काही युरोपीय पंडितांनी त्याच पोलिमियसमध्ये काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा राजा पोलेमॉन ओळखला, आणि तो तर काळानेही जुळतो, आर्मेनियाच्या शेजारचाही आहे. शिवाय अस्तारोथ व बेरिथ ही दैवते कोठली? ती पश्चिम आशियातील कनानी मातीची. ज्या कथाकाराला इंडियातल्या एकाही देवाचे नाव सुचले नाही त्याने राजाचे नाव तेवढे अचूक ऐकले असेल, ही अपेक्षा भाबडी आहे. आणि सातवाहनांचे कोरीव लेख, जे वा. वि. मिराशी यांनी मराठीत एकत्र करून ठेवले आहेत, ते या राजांनी व त्यांच्या प्रजेने बौद्ध भिक्षूंना दिलेल्या गावांनी, शेतांनी आणि लेण्यांनी भरलेले आहेत. कार्ल्याच्या चैत्यात तर धेनुकाकटचे यवन स्वतःच्या नावाने खांब दान करतात. त्या काळी पश्चिमेकडून आलेला मनुष्य येथे धर्म देण्याऐवजी घेताना दिसतो.

पैठणच्या राजाची ख्रिस्ताशी गाठ घालण्याचा हा पहिलाच प्रयत्न नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅप्टन विल्फर्ड नावाच्या अधिकाऱ्याने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये असे मांडले की आपला शालिवाहन हाच मुळी ख्रिस्तकथेची छाया आहे. कुंभाराच्या घरी वाढलेला तो पोर मातीचे सैन्य जिवंत करतो, आणि येशूच्या बालपणाच्या अनधिकृत ग्रंथांत बाळ येशू मातीच्या चिमण्या उडवतो; दोन्हीकडे माता पुरुषस्पर्शावाचून गर्भवती! या विल्फर्डला त्याच्याच पदरच्या पंडिताने, साहेबाला काय हवे ते ताडून, पोथ्यांत खाडाखोड करून हवे ते श्लोक पुरवले होते, आणि ही फसवणूक त्याने पुढे स्वतः कबूल केली. भविष्यपुराणाच्या आजच्या प्रतीत शालिवाहनाला हिमालयावर शुभ्रवस्त्रधारी ईशपुत्र भेटतो तो भागही अगदी अलीकडची भरती आहे. मागणी असली की पुरवठा होतो, हा नियम पैठणच्या शालूंनाच नव्हे, पैठणच्या इतिहासालाही लागू पडलेला दिसतो.

मग या मिसलेत शाबीत काय होते? प्रेषित नव्हे, मंडळी. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने, जो उतारवयात भिक्षू झाला, लिहून ठेवले की कल्लियाना येथे इराणातून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना दक्षिणेतले असावे असेही काहींनी सुचवले, परंतु तांबे आणि कापड यांच्या व्यापाराचा त्याने दिलेला तपशील आपल्या कल्याणला शोभून दिसतो, आणि मला तोच पक्ष बळकट वाटतो. ही मंडळी इराणच्या आखातातून, व्यापाऱ्यांच्या वसाहतींबरोबर आली. तिला अलेक्झांड्रियाच्या पँटेनसची वा गालीलच्या बर्थलमयाची आवश्यकता नव्हती. उलट ती ज्या पूर्वेकडील सिरियन परंपरेतली, तिचा हिंदुस्थानासाठीचा प्रेषित ठरलेलाच होता: थोमा. त्याच्या कृत्यांच्या तिसऱ्या शतकातील सिरियन कथेत गुंदफर राजा येतो, आणि हा राजा काल्पनिक नाही हे वायव्य सरहद्दीवरील नाण्यांनी व तख्त-इ-बाहीच्या शिलालेखाने नंतर सिद्ध झाले. केरळच्या ख्रिस्ती समाजाची सारी वंशप्रतिष्ठा त्याच थोमावर उभी आहे.

वसई-साष्टीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातील काहींना अशी प्रतिष्ठा आपल्यालाही असावी असे वाटले, यात दोष देण्यासारखे काही नाही. पोर्तुगिजांनी १५३४ साली वसई घेतल्यानंतरचा इतिहास कागदोपत्री स्वच्छ आहे, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर १८८७ चे. परंतु धर्म परकी राज्यकर्त्यांकडून आला ही गोष्ट टोचते, आणि तो प्रेषिताच्या हातून आला म्हटले की ती टोचणी जाते. मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांना ही ओढ फारशी दिसत नाही. त्यांना आपला आरंभ ठाऊक आहे: छावणीतले चर्च, एकोणिसाव्या शतकातील मिशने, आणि पारशी घराण्यातून येऊन याच शहरात चर्च मिशनरी सोसायटीचे काम करणारे रेव्हरंड रतनजी नवरोजी.

एक अखेरचा साक्षीदार उरतो, आणि माझ्या मते तोच निर्णायक. देवगिरीचे राज्य खालसा होऊन दिल्लीचा अंमल कोकणात पोहोचल्याला तीनच वर्षे झाली होती, अशा वेळी १३२१ च्या एप्रिलात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात मारले गेले. त्यांचा सोबती, जॉर्डानस नावाचा डोमिनिकन फ्रेंच साधू, त्या वेळी भडोचच्या वाटेवर गेलेला असल्यामुळे वाचला. परत येऊन त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले, आणि थोड्याच काळाने तेथून गेलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्या अस्थी चीनपर्यंत वाहून नेल्या. ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे त्याच पूर्वेकडील सिरियन परंपरेतल्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती असे ओडोरिक लिहितो. जॉर्डानस या किनाऱ्यावर पुढे बराच राहिला, आणि हिंदुस्थानच्या अद्भुतांवर लिहिलेल्या आपल्या छोट्या ग्रंथात त्याने कुरकुरत नोंद केली की इथे तिथे विखुरलेले काही लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्यांना बाप्तिस्मा ठाऊक नाही, धर्माचे काहीच ठाऊक नाही, आणि ते तर थोरल्या थोमालाच ख्रिस्त समजतात. सगळे विसरल्यावरही त्या लोकांच्या तोंडी एका प्रेषिताचे नाव शिल्लक होते, आणि ते बर्थलमयाचे नव्हते.